थंड देशाचे बियाणे, उष्ण देशाची माती : तैवानच्या ‘पोनलाई’ तांदळाचा एक अभ्यास

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाचे शिक्षक म्हणून आमच्याकडून चळवळीच्या एखाद्या पर्वावरील लेखाची अपेक्षा असावी. तथापि या वेळी आम्ही विषय घेतला आहे तो भाताचा. त्याची कारणे दोन आहेत. आपल्या निवासी शाळेतील बहुसंख्य मुले धानपट्ट्यातील आहेत. त्यांच्या आईवडिलांचे पाय दरवर्षी रोवणीच्या चिखलात असतात आणि आपल्या भोजनगृहात रोज शिजतो तोही भातच. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण ‘गुणवत्ता’ हा शब्द होय. हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला फार लवकर आणि बहुधा आरोपाच्या स्वरूपात येतो. धान्याच्या बाबतीत गुणवत्ता कशी घडते, कशी बिघडते आणि ती ठरविते कोण, हे समजून घेतले, तर त्या शब्दाकडे थोड्या निवांतपणे पाहता येईल, असे आम्हांस वाटते.

दोन प्रकारचा तांदूळ

जगात लागवडीखाली असलेल्या आशियाई भाताचे ढोबळ मानाने दोन मोठे गट पडतात. पहिला इंडिका आणि दुसरा जपोनिका. भारतातील बहुतेक भात इंडिका गटातील असून त्याचा दाणा सामान्यतः लांबट व शिजल्यावर मोकळा होणारा असतो. जपान, कोरिया आणि उत्तर चीन या समशीतोष्ण प्रदेशांतील भात जपोनिका गटातील. त्याचा दाणा आखूड, गोलसर आणि शिजल्यावर मऊ व चिकट होतो.

हा फरक मुख्यतः दाण्यातील पिष्टामुळे पडतो. पिष्टाचे दोन घटक असतात : अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल, तर भात फडफडीत होतो आणि थंड झाल्यावर कडक पडतो. ते पंधरा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर भात मऊ राहतो आणि दाणे एकमेकांना धरून राहतात. काड्यांनी जेवणाऱ्या जपानी माणसास हा दुसरा गुण हवासा वाटतो. वरण कालवून हाताने जेवणाऱ्या विदर्भातील माणसास पहिला गुण सोयीचा वाटतो. यांपैकी एक तांदूळ श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ, असे विज्ञान कोठेही म्हणत नाही.

येथे शब्दाविषयी एक सूचना करावीशी वाटते. जुन्या पुस्तकांत ‘भाताच्या जाती’ असा प्रयोग आढळतो. आम्ही वर्गात कटाक्षाने ‘वाण’ हा शब्द वापरतो. मुलांनीही तोच वापरावा.

तैवानची गोष्ट

समशीतोष्ण प्रदेशातील भात उष्ण प्रदेशात नेला, तर काय होते, याचे इतिहासातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण तैवानचे आहे. १८९५ साली शिमोनोसेकीच्या तहान्वये हे बेट चीनकडून जपानच्या ताब्यात गेले. कर्कवृत्त या बेटाच्या मधून जाते. म्हणजे अक्षांशाच्या दृष्टीने तैवान आपल्या नागपूरच्या फार उत्तरेस नाही. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या इंडिका गटातील भात पिकवीत आले होते. त्या भातास जपानी बाजारात मान नव्हता. दाणा लांब, भात मोकळा आणि त्यात तांबड्या दाण्यांची भेसळ, अशी व्यापाऱ्यांची तक्रार असे.

१९१८ साली जपानमध्ये तांदळाचे भाव कडाडले. तोयामा प्रांतातील मच्छीमार स्त्रियांनी सुरू केलेला उद्रेक देशभर पसरला आणि तेथील मंत्रिमंडळास सत्ता सोडावी लागली. वसाहतींमधून जपानी चवीचा तांदूळ मिळविणे ही त्यानंतर साम्राज्याची राजकीय गरज बनली. तैवानात जपानी वाणांचे प्रयोग त्यापूर्वीपासून चालू होते. इसो एइकिची हे कृषिशास्त्रज्ञ आणि ताइचुंग येथील प्रयोगकेंद्रात काम करणारे सुएनागा मेगुमु ही त्यांतील दोन प्रमुख नावे होत.

आरंभीचा अनुभव निराशाजनक होता. जपानात डौलाने वाढणारा भात तैवानात लावला की रोप बुटके राही, फुटवे थोडे येत आणि लोंब्या अवेळी बाहेर पडत. याचे कारण दिनमानात आहे. भात हे दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येणारे पीक आहे. टोकियोत उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस साडेचौदा तासांचा असतो, तर तैवानात तो त्याहून जवळपास एक तासाने लहान असतो. त्यात उष्णतेची भर पडते. जपानी वाणाच्या रोपास वाटे की हंगाम सरत आला, आणि ते वाढ पूर्ण होण्याआधीच निसवण्याची घाई करी.

अनेकांनी यावरून निष्कर्ष काढला की या बियाण्याचे येथे काही व्हायचे नाही. सुएनागा आणि इसो यांनी मात्र बियाण्याऐवजी रोपवाटिकेकडे लक्ष दिले. जपानच्या थंडीत रोपे पुष्कळ दिवस वाफ्यात ठेवण्याची रीत होती. तीच रीत तैवानात पाळल्यामुळे उष्ण हवेत रोपे वाफ्यातच म्हातारी होत आणि त्यांच्या पोटात लोंबीची तयारी सुरू होई. त्यांनी कोवळी रोपे लावून पाहिली. शेतात वाढण्यास अवधी मिळाल्यामुळे फुटवे वाढले आणि लोंब्या भरू लागल्या. बी तेच होते. बदलले होते ते रोप उपटण्याचे वय.

१९२६ साली तैवानचे तत्कालीन गव्हर्नर जनरल इझावा ताकिओ यांनी या तांदळास ‘होराई’ असे नाव दिले. चिनी उच्चारावरून त्यास पोनलाई म्हणतात. पुराणकथेतील एका सुखी बेटाचे ते नाव आहे. पुढे १९२९ च्या सुमारास ‘ताइचुंग ६५’ हा संकरित वाण प्रसारात आला आणि पोनलाई भाताचा पाया पक्का झाला. कामेजी आणि शिनरिकी या दोन जपानी वाणांच्या संकरातून तो निघाला होता. हे दोन्ही वाण एकोणिसाव्या शतकात साध्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून तयार केलेले होते. कामेजी हे तर त्या शेतकऱ्याचेच नाव होय. अलीकडच्या जनुकशास्त्रीय अभ्यासातून असे दिसले की, फुलोऱ्याची वेळ ठरविणारी दोन महत्त्वाची जनुके ताइचुंग ६५ मध्ये निष्क्रिय आहेत. त्यामुळे लहान दिवसांची त्यास घाई होत नाही. ज्या काळी जनुकाचे रासायनिक स्वरूपही ठाऊक नव्हते, त्या काळी केवळ शेतातील निरीक्षणाने ही निवड झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

उष्णतेत दाण्याचे काय होते?

पीक उभे राहिले म्हणजे दाणा चांगला झाला, असे मात्र नव्हे. दाण्याची गुणवत्ता मुख्यतः लोंबी निसवल्यानंतरच्या पहिल्या वीस दिवसांत ठरते. दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकावर येतो आणि नंतर घट्ट होतो. या काळात दिवस व रात्र मिळून सरासरी तापमान २६ ते २७ अंश सेल्सियसच्या वर राहिले, तर जपोनिका दाण्यात पुढील बदल होतात.

पहिला बदल रूपात होतो. दाणा घाईने भरतो, पिष्टाचे कण सैल बसतात आणि त्यांच्यात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांतून प्रकाश विखुरला जातो, म्हणून एरवी काचेसारखा पारदर्शक दिसणारा दाणा पोटात किंवा पाठीवर खडूसारखा पांढरा दिसतो. रात्र उष्ण असेल, तर हे अधिक घडते. दिवसा तयार केलेल्या अन्नापैकी अधिक भाग रोप रात्रीच्या श्वसनात खर्च करते, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते.

दुसरा बदल गिरणीत कळतो. पांढऱ्या पोटाचा दाणा ठिसूळ असतो. भरडताना तो तुटतो, अखंड तांदळाचे प्रमाण घटते आणि कणी वाढते. पोत्याचे वजन तेवढेच राहते, परंतु भाव पडतो.

तिसरा बदल चवीत होतो. अमायलोज तयार करणाऱ्या जनुकाचे जे रूप जपोनिका भातात आढळते, ते तापमानास फार संवेदनशील आहे. थंडीत ते अधिक काम करते, उष्णतेत कमी. परिणामी उष्ण हवेत भरलेल्या दाण्यात अमायलोज आणखी घटते आणि भात प्रमाणाबाहेर मऊ होतो. त्याच वेळी अमायलोपेक्टिनच्या साखळ्या लांब होतात, म्हणून तो शिजण्यास अधिक आच लागते. इंडिका गटातील बहुतेक वाणांत या जनुकाचे दुसरे, अधिक जोमाने काम करणारे रूप असते. त्यामुळे उन्हाळ्यातही त्यांचा मोकळेपणा पुष्कळसा टिकतो.

तैवानात वर्षातून भाताची दोन पिके घेतात. पहिल्या पिकाचा दाणा भरतो तो उन्हाळा चढत असताना, दुसऱ्याचा शरद ऋतूत हवा उतरत असताना. एकाच शेतातील एकाच वाणाचा तांदूळ या दोन हंगामांत एकसारखा येत नाही. पहिल्या पिकात पांढऱ्या पोटाच्या दाण्यांची तक्रार अधिक असते. आता तर ही अडचण खुद्द जपानच्या दारात आली आहे. २०१० आणि २०२३ या वर्षींच्या तीव्र उन्हाळ्यांत निइगाता प्रांतातील नामांकित कोशिहिकारी तांदळातील पहिल्या प्रतीचे प्रमाण कमालीचे घसरले. तेथील शास्त्रज्ञ आज उष्णता सोसणाऱ्या वाणांच्या शोधात आहेत. थंड देशाच्या भातास उष्ण देशात जे सोसावे लागले, ते आता त्यास स्वतःच्या गावीच सोसावे लागत आहे.

उपाय कोणते?

तैवान, जपान आणि फिलिपिन्स येथील अनुभवातून काही उपाय स्थिर झाले आहेत. लावणीची तारीख अशी धरावी की दाणा भरण्याचा काळ त्यातल्या त्यात थंड हवेत यावा. शक्य तेथे त्या काळात बांधीत वाहते, थंड पाणी ठेवावे. नत्राची मात्रा बेताची असावी. ती फार कमी झाली तर पांढरे दाणे वाढतात, फार अधिक झाली तर दाण्यात प्रथिने वाढून भात कडक व बेचव होतो. कापणी लांबवू नये. कडक उन्हात धान एकदम वाळवू नये, कारण अति वाळलेल्या दाण्यास रात्रीच्या दमट हवेत तडे जातात आणि गिरणीत त्याची कणी होते. सुमारे चौदा टक्के ओलावा राहील असे संथपणे वाळवावे.

शेवटच्या दोन सूचना कोणत्याही वाणास लागू आहेत. आमच्या पालकांनी त्या ध्यानात ठेवाव्यात.

फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या १९६६ च्या ‘आयआर ८’ या प्रसिद्ध इंडिका वाणाने उत्पन्न फार वाढविले, परंतु त्याचा दाणा पांढऱ्या पोटाचा होता आणि भात थंड झाल्यावर कडक होई. उत्पन्न आणि गुणवत्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या वेळी जगास कळले. त्याच देशात दक्षिण कोरियाच्या सहकार्याने उष्ण हवेत टिकणारा ‘एमएस ११’ हा जपोनिका वाण २००८ साली प्रसारित झाला. म्हणजे तैवानात सुरू झालेले काम अद्याप चालू आहे.

ताइचुंगपासून आपल्या ताटापर्यंत

या इतिहासाचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. स्वातंत्र्यानंतर कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत जपोनिका व इंडिका यांच्या संकराची मोठी आंतरराष्ट्रीय योजना राबविली गेली. बहुतेक संकरांत दाणेच भरत नसत. मोजकेच वाण हाती लागले. त्यांपैकी ‘मसुरी’ हा मलेशियात निवडला गेलेला वाण ताइचुंग ६५ आणि तेथील मायांग एबोस या भाताच्या संकरातून आला. तो पुढे भारतात रुजला. सोना मसुरी आणि आंध्रातील सांबा मसुरी म्हणजेच बीपीटी ५२०४ या दोहोंच्या वंशावळीत मसुरी आहे. आपल्या किराणा दुकानातून सोना मसुरीची पिशवी घरी येते, तेव्हा तिच्यात जपानी शेतकऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी निवडलेल्या लोंबीचा अंश असतो.

लोंबी निवडणारा शेतकरी आपल्याही मातीत झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतातील वेगळ्या लोंब्या हेरून, त्या जपून, वर्षानुवर्षे लावून ‘एचएमटी’ हा बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नव्हते. श्रेयासाठी त्यांना फार काळ वाट पाहावी लागली. २०१८ साली ते गेले. तो तांदूळ मात्र आजही विदर्भाच्या ताटात आहे.

चांगला तांदूळ कोणी खाल्ला?

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. १९३० च्या दशकाच्या मध्यास तैवानात पिकणाऱ्या तांदळापैकी सुमारे निम्मा जपानला जात असे. पोनलाई तर मुख्यतः त्या बाजारासाठीच होता. या पिकाने तैवानी शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला आणि उसाचा भाव पाडणाऱ्या साखर कंपन्यांपुढे त्यास दुसरा पर्याय मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरी रताळी शिजत होती, हेही तितकेच खरे.

हे वाचताना आम्हांस कोकण आठवते. त्याच दशकात खोताच्या जमिनीत भात पिकविणारे कूळ खंडाचा भात खोताच्या अंगणात टाकून नाचणी-वरीवर दिवस काढीत होते. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सहा वर्षांच्या आसपास चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ताइचुंग आणि चरी यांचा परस्परांशी संबंध नव्हता. प्रश्न मात्र एकच होता : पिकविणाऱ्याच्या वाट्यास अखंड दाणा का येत नाही? आमच्या आजीच्या पिढीने मजुरीत कणी घेतली आणि कण्यांवर लेकरे वाढविली. कणी ही गिरणीत तयार होते, हे आम्ही शास्त्रात शिकलो. ती कोणाच्या पदरात पडते, हे मात्र समाजव्यवस्था ठरविते.

गुणवत्ता या शब्दाविषयी

शेवटी एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत जूनमध्ये दाखल झालेल्या मुलांची आम्ही पहिल्याच पंधरवड्यात चाचणी घेत असू आणि त्यावरून ‘हुशार’ व ‘कच्चे’ अशा दोन रांगा करीत असू. कच्च्यांच्या रांगेतील एका मुलास आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो होतो, “तुझ्यात ती गुणवत्ताच नाही.” तो दिवाळीच्या सुटीत घरी गेला आणि परत आला नाही. आम्ही त्याच्या गावी जाऊन चौकशी करावयास हवी होती. ती केली नाही. पुढे आम्ही रांगा करणे सोडले. पण ज्याच्यामुळे सोडले, त्यास त्याचा उपयोग झाला नाही.

माणूस म्हणजे भात नव्हे. धान्यावरून मुलांविषयी सिद्धान्त मांडणे अशास्त्रीय ठरेल, आणि जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढलेल्या समाजाने तर ते मुळीच करू नये. तरीही सुएनागा आणि इसो यांच्या कामातून शिक्षकास घेण्यासारखे काही आहे. पीक फसले, तेव्हा त्यांनी बियाण्यास नालायक ठरविण्याआधी स्वतःची रीत तपासली. ‘चांगला’ कोणास म्हणावयाचे, हे माप कोणत्या बाजारातून आले, तेही तैवानच्या इतिहासाने दाखविले. आणि दाण्याची प्रत पेरणीच्या दिवशी ठरत नाही, तो भरत असतानाच्या दिवसांत, त्यातही रात्रींत ठरते, हे शास्त्राने दाखविले.

निवासी शाळेच्या हाती मुलांचे दिवसही असतात आणि रात्रीही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, अधिकारी किंवा पालक आहेत, त्यांनी एखाद्या लेकरावर ‘गुणवत्ता नाही’ असा शिक्का मारण्यापूर्वी त्याच्या वाट्यास कोणती हवा आली, याची एकदा चौकशी करावी. आम्ही ती एका मुलाच्या बाबतीत केली नाही. आपण करावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.